मालाचं चित्र आणि मालाची साक्ष : माळवली ते चाकण

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेल्या लोकलला पहिलं स्टेशन लागतं ते माळवली. आज तिथे उतरतात ते भाजे लेणी किंवा लोहगड बघायला जाणारे. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र या गावाची ओळख वेगळी होती. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत गिरगावात सुरू झाला आणि काही वर्षांनी माळवलीला आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून तिथे चित्रं छापली जात. देवदेवतांच्या तसबिरी निघत, तशीच मालाची लेबलं आणि जाहिरातींची कॅलेंडरंही निघत. 1972 च्या आगीत हा छापखाना संपला.

त्याच रुळावर पुढे तळेगाव, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड आणि पिंपरी आहे. तळेगावला उतरून सडकेने गेलं की चाकण. म्हणजे भारतातल्या जाहिरात-चित्रांचं एक जुनं घर आणि आजचा यंत्रांचा सर्वांत गजबजलेला पट्टा, दोन्ही एकाच वाटेवर आहेत. हे आठवायचं कारण असं की गेल्या दोन-तीन वर्षांत या पट्ट्यातल्या छोट्या कारखानदारांच्या फोनवर मालाचे नवे फोटो दिसू लागले आहेत. ते कुठल्याही कॅमेऱ्याने काढलेले नाहीत. एआयने बनवलेले आहेत.

हे चांगलं की वाईट, असा सरधोपट प्रश्न मला विचारायचा नाही. मालाच्या चित्राला स्वतःचा इतिहास आहे. त्या इतिहासात पहिल्यापासून दोन प्रकारची चित्रं दिसतात. एक गिऱ्हाइकाला बोलावणारं, दुसरं विकणाऱ्याला बांधून ठेवणारं. आजचा गोंधळ या दोहोंतला फरक पुसला जाण्याचा आहे.

ताग्यावरचा वाघ आणि ताग्यावरचे वार

एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत कागदी लेबलं चिकटवलेली असत. पुढे मुंबईच्या गिरण्यांनीही तीच पद्धत उचलली. लेबलांवर वाघ, हत्ती, राजे आणि देव असत. कापड कसं आहे याबद्दल ते चित्र काहीच सांगत नव्हतं. ज्याला वाचता येत नाही त्याला मागच्या वेळी घेतलेला माल पुन्हा ओळखता यावा, एवढंच त्याचं काम. वाघछाप चांगलं निघालं तर पुढच्या खेपेला वाघछापच मागायचं.

पण ताग्यात कापड किती, हे वाघ सांगत नाही. त्यासाठी ब्रिटिश सरकारने 1889 मध्ये मर्चंडाईज मार्क्स कायदा केला. इथल्या गिरणीतून निघणाऱ्या ताग्यावर त्याची लांबी वारांत, आकड्यांत छापणं बंधनकारक झालं. लेबलावर चित्र कुठलंही लावा, वार मात्र खरे हवेत. बोलावणारं चित्र आणि बांधून ठेवणारा आकडा यांची वाटणी इथे कायद्यानेच केलेली दिसते.

पुढे साबण आणि औषधं विकणाऱ्या कंपन्यांनी रविवर्मांची चित्रं कॅलेंडरांवर घेतली. चित्रातली देवी साबण वापरते असा दावा कोणी करत नव्हतं. भिंतीवर वर्षभर टांगलेल्या चित्राखाली कंपनीचं नाव राहायचं, बस्स.

या चित्रांच्या धंद्यात आपली माणसंही राबली. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत आधी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होते. सय्यद हैदर रझा मुंबईत आले तेव्हा एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत कामाला होते. वर्तमानपत्रात फोटो छापायचा तर त्याचा धातूचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करून घ्यावा लागे. तो करणारी ही जागा. ज्यांची चित्रं आज लिलावात कोट्यवधींना जातात, त्यांनी बाजारासाठीही हात काळे केले होते.

नांगर आणि ड्रॉइंग

दुसऱ्या प्रकारच्या चित्राची गोष्ट लक्ष्मणराव किर्लोस्करांपासून सांगता येते. ते चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंगांतला फरक त्यांना नीट कळत नसे. म्हणून रंग सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. सुरुवातीला नांगर खपेना, कारण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. असा समज चित्राने जात नाही. नांगर रानात चाललेला बघावा लागतो.

त्याच घरातल्या शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. ते स्वतः चित्रकलेचे विद्यार्थी होते. कारखान्याच्या मालाची माहिती देणारं हे पत्रक पुढे मराठीतलं मोठं मासिक झालं. एकाच कारखान्यात नांगराचं ड्रॉइंग होतं आणि नांगराची जाहिरातही होती. ड्रॉइंगमध्ये चूक झाली तर नांगर बसत नाही. जाहिरातीत थोडी अतिशयोक्ती झाली तर नांगर थोडा जास्त खपतो. दोन्ही चित्रंच, पण जबाबदारी वेगळी.

पिंपरी-चिंचवड वाढलं ते ड्रॉइंगवर. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. त्या दशकात बजाज, टेल्को आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉप इथे उभी राहिली. 1982 मध्ये महानगरपालिका झाली. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र आले.

भोसरीतल्या दोन लेथच्या वर्कशॉपमध्येही भिंतीला ड्रॉइंग अडकवलेलं असतं. पूर्वी ते अमोनिया प्रिंट असायचं, आता कॅडवरून काढलेला कागद. त्यावर व्यास 25 मिलिमीटर, कमी-जास्त 0.02 असं लिहिलेलं असतं. भाग त्यात बसला तर पास, नाहीतर रिजेक्ट. आधी सॅम्पल द्यायचं, ते मोजून पास झालं की मगच लॉट चालू करायचा. इथल्या माणसाला चित्र म्हणजे काय असतं हे कोणी शिकवावं लागत नाही. चित्र म्हणजे कबुली. त्यावर सही असते.

विक्रीचं चित्र या शहरात उशिरा आलं, कारण त्याची गरज नव्हती. परवान्यांच्या काळात स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. ज्या मालासाठी रांग आहे त्याला फोटो कशाला? मग स्पर्धा आली आणि 1989 मध्ये 'हमारा बजाज' ही जाहिरात दूरदर्शनवर गाजली. ती लिंटासची होती आणि लिंटासची सूत्रं अलेक पदमसी यांच्याकडे होती. पदमसी खोजा मुस्लिम कुटुंबातले. आकुर्डीत बनलेल्या स्कूटरला त्या जाहिरातीने घराघरातलं माणूस केलं. पण जाहिरातीत दिसत होती ती स्कूटर खरी होती. तशीच शोरूममध्ये उभी होती.

धरून ठेवलेली सावली

फोटो आला तेव्हा मुस्लिम जगात मोठा वाद झाला. सजीवांची चित्रं काढण्याला धर्मशास्त्राची हरकत होती, मग फोटोचं काय? इजिप्तचे मुफ्ती शेख मुहंमद बखीत अल-मुतीई यांनी फोटोच्या बाजूने मांडणी केली. त्यांचा मुद्दा असा, की फोटो काढणारा नवं काही निर्माण करत नाही. समोर असलेल्या वस्तूची सावली तो फक्त धरून ठेवतो. सगळ्या उलेमांनी हे मान्य केलं नाही, आणि नटबोल्टच्या चित्राला तशी कोणाची हरकत कधी नव्हतीच. तरी फोटो म्हणजे काय याची इतकी नेमकी व्याख्या मला दुसरीकडे सापडलेली नाही. सावली धरायची तर वस्तू समोर हवी.

बाजाराने या सावलीशीही खेळ केले. 1965 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर दाढीच्या क्रीमची एक जाहिरात आली होती. क्रीम लावून वाळूकागद झटक्यात साफ झालेला दाखवला होता. प्रत्यक्षात तो वाळूकागद नव्हता, पारदर्शक प्लास्टिकवर चिकटवलेली वाळू होती. पुरावा म्हणून दाखवलेलं चित्रच नकली असेल आणि तसं सांगितलं नसेल, तर ती फसवणूक ठरते, असा निर्णय लागला. 1970 च्या सुमारास कॅम्पबेल सूपचं प्रकरण निघालं. वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे भाज्या वर येऊन सूप दाट दिसेल. सूप खरं, भाज्या खऱ्या, फोटो खरा. तरी चित्र खोटं.

मग संगणकाची चित्रं आली. आयकिया या फर्निचर कंपनीने 2006 मध्ये कॅटलॉगात पहिल्यांदा संगणकावर बनवलेली खुर्ची छापली. 2014 पर्यंत त्यांच्या एकेकट्या वस्तूंच्या चित्रांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश चित्रं कॅमेऱ्याशिवाय बनत होती. पण ही चित्रं खुर्चीच्या मोजमापांवरून घडवलेली असतात. म्हणजे तिथे सावली नसली तरी ड्रॉइंगशी नातं आहे. भोक जिथे ड्रॉइंगमध्ये, तिथेच चित्रात.

एआयचं चित्र या दोन्हींहून वेगळं आहे. 2022 मध्ये मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजनसारखी साधनं सर्वसामान्यांच्या हाती आली. ऑक्टोबर 2023 मध्ये ॲमेझॉनने आपल्या जाहिरातदारांसाठी मालाच्या फोटोला नवी पार्श्वभूमी देणारं साधन चाचणीसाठी खुलं केलं. यामागचं यंत्र कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्यासोबतचे शब्द यांवर शिकलेलं असतं. नुसत्या ठिपक्यांच्या गर्दीपासून सुरुवात करून ते पायरीपायरीने असं चित्र काढतं, जे सांगितलेल्या शब्दांना शोभेल. त्याला फ्लँज कसा दिसतो हे माहीत असतं. तुमच्या फ्लँजला सहा भोकं आहेत हे माहीत नसतं. पाच काढेल, सात काढेल, आणि सगळी सुबक काढेल. ते चित्र सावलीलाही बांधलेलं नाही आणि ड्रॉइंगलाही नाही. बहुतेक वेळा असं दिसतं, एवढ्याच गोष्टीला ते बांधलेलं आहे.

भोसरीत माझ्या ओळखीचे एक गृहस्थ कारखान्यांसाठी माल वाहायच्या ट्रॉल्या बनवतात. त्यांच्या मुलाने फोनवर एआयकडून त्या ट्रॉलीचे फोटो बनवून घेतले. वेल्डिंगचा एक टाका दिसत नव्हता, पत्रा आरशासारखा, मागे परदेशी गोदाम. त्यांनी फोटो मोठा करून चाकं पाहिली आणि मला म्हणाले, "भाई, हिच्या चारही चाकांना ब्रेक आहे. माझ्या ट्रॉलीला दोनच असतात." क्षणभर थांबून हसत म्हणाले, "आता गिऱ्हाईक चार मागेल आणि पैसे दोनाचे देईल." पोराला जो फोटो भारी वाटला होता, त्यात बापाला रिजेक्शन दिसलं. आयुष्यभर ड्रॉइंग वाचलेल्या माणसाची ही नजर आहे.

तुंबवलेली कास

चाकणच्या जनावरांच्या बाजारात जुनी माणसं गाय घेताना नुसती कास बघून भुलत नाहीत. विकणारा एक-दोन वेळा दूध काढत नाही. कास तटतटते, गाय दुभती वाटते. ही युक्ती सातव्या शतकातल्या अरबस्तानातही होती. अरबीत तिला तसरिया म्हणतात. प्रेषित मुहंमद (स.) यांनी तिला मनाई केली. असं जनावर घेतलेल्याला ते ठेवून घेण्याचा किंवा परत करण्याचा हक्क दिला. परत करताना काढलेल्या दुधाच्या बदल्यात एक साअ खजूर द्यावेत, असंही सांगितलं. काही रिवायतींत त्यासाठी तीन दिवसांची मुदत आहे. या निवाड्यातली बारीक गोष्ट बघा. विकणारा खोटं एक अक्षर बोललेला नाही. गाय खरी, कास खरी, दूधही खरं. खोटा होता तो देखावा. फसवणूक शब्दांनीच होते असं नाही, दिसण्यातूनही होते, हे तेव्हाच मान्य झालं होतं.

फिकहच्या ग्रंथांनी यापुढे जाऊन न पाहिलेल्या मालाचा प्रश्न सोडवला. हनफी मतानुसार न बघता घेतलेला माल समोर आल्यावर तो नाकारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असतो. याला खियारे रुयत, म्हणजे पाहण्याचा अधिकार म्हणतात. शाफई मत आणखी कडक आहे. त्यातल्या प्रमाण मतानुसार न पाहिलेल्या वस्तूचा असा सौदाच धरला जात नाही. आपल्याकडे घाटावरचे बहुतेक मुसलमान हनफी आणि कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे दोन्ही विचार महाराष्ट्रात घरचेच आहेत. 1869 ते 1876 या काळात उस्मानी साम्राज्याने 'मजल्ला' ही दिवाणी संहिता तयार केली. तिच्यात पाहण्याच्या अधिकारावर स्वतंत्र कलमं आहेत. नमुन्यावरून विकायच्या मालात नमुना पाहिला की पुरे, अशी तरतूदही तिच्यात आहे. चाकणचा कुठलाही खरेदी अधिकारी हे वाचून म्हणेल, हे तर आमचं सॅम्पल अप्रूव्हल.

आजचा भारतीय कायदाही फार लांब नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरात मालाच्या खऱ्या गुणधर्मांशी जुळली पाहिजे. जाहिरातीत सांगितल्यासारखा माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. पण हे संरक्षण ग्राहकाला आहे. धंद्यासाठी घेणारा साधारणपणे या कायद्याच्या अर्थाने ग्राहक ठरत नाही. एका वर्कशॉपने दुसऱ्याकडून घेतलेल्या मालाला 1930 चा मालविक्री कायदा लागू होतो. वर्णनावरून विकला तर माल वर्णनाशी जुळावा, नमुन्यावरून विकला तर नमुन्याशी, आणि दोन्हीवरून विकला तर दोन्हींशी, असं तो सांगतो.

ज्याला दुकान नाही त्याचा फोटो

या सगळ्यात एआयला सरळ नकार देणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. मोठ्या कंपनीकडे स्टुडिओ आहे, एजन्सी आहे. कामगाराचा कारखानदार झालेल्या माणसाकडे कोपऱ्यात तेलाचे डाग पडलेली फरशी आहे आणि तिच्यावर उभी ट्रॉली आहे. तो फोटो बघून गिऱ्हाईक पुढे सरकतं. फेब्रुवारी 2025 मध्ये कुदळवाडीतली हजारो बांधकामं पाडली गेली. त्यांत भंगाराची गोदामं होती, छोटी वर्कशॉप होती, आणि त्यांत आपल्या समाजाची माणसं मोठ्या संख्येने होती. ज्याची जागा गेली, त्याचा माल आता रस्त्यावरून दिसत नाही. त्याला गिऱ्हाईक शोधायला फोनच उरतो. पाटीवरचं नाव वाचून पुढे जाणारी गिऱ्हाइकंही त्याने पाहिलेली असतात. फोनवर आधी माल दिसतो, नाव नंतर. अशा माणसाला स्वस्तात नीटनेटकं चित्र मिळत असेल तर ती मोठी सोय आहे.

पण त्याच माणसाला खोट्या चित्राची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. मोठ्या कंपनीचा एक फोटो चुकला तर माफीपत्रक निघतं. याचा एक लॉट परत आला तर महिन्याचा पगार जातो. शिवाय चूक एकट्याची राहत नाही, नाव बघून ती सगळ्यांच्या खात्यावर लिहिली जाते. म्हणून अमानत हा आपल्यासाठी फक्त जुम्याच्या खुतब्यातला शब्द नाही. धंदा टिकवायचा हिशेबही तोच आहे.

मला वाटतं, वाटणी 1889 च्या ताग्यासारखीच करता येईल. मागची भिंत, फरशी, प्रकाश हे बोलावणारं चित्र. ते एआयकडून घ्यायला हरकत नाही, फक्त तसं लिहावं. माल मात्र कॅमेऱ्याने काढलेला असावा, नाहीतर आपल्या स्वतःच्या कॅड ड्रॉइंगवरून घडवलेला. त्याच्याशेजारी मापं, वजन, पत्र्याची जाडी आकड्यांत असावी. आणि यंत्राने बनवलेलं प्रत्येक चित्र पाठवण्याआधी कारखान्यातल्या कोणीतरी सॅम्पलसारखं तपासावं. भोकं मोजावीत, चाकं मोजावीत, ड्रॉइंग शेजारी धरावं. हे काम इथला माणूस डोळे मिटून करू शकतो. जाहिरातीच्या चित्रावर ते करायची सवय फक्त नाही.

सहीह मुस्लिममध्ये मदिनेच्या बाजारातला एक प्रसंग नोंदलेला आहे. प्रेषितांनी धान्याच्या राशीत हात घातला तर आत ओल लागली. विकणारा म्हणाला, पावसाने भिजलं. त्यावर त्याला विचारलं गेलं, की मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही. फसवणाऱ्याशी आपलं नातं उरत नाही, असा त्या निवाड्याचा पुढचा आशय. धान्य विकायला त्याला कोणी मना केलं नव्हतं. ओलं धान्यही विकलं जातं, थोडं स्वस्त जातं इतकंच. वेल्डिंगचे टाके दिसणारी, दोनच ब्रेकची ट्रॉलीही विकली जाते. भोसरीच्या त्या गृहस्थांनी शेवटी मुलाला आपल्याच ट्रॉलीचा फोटो काढायला लावला, मागची भिंत तेवढी एआयने बदलली, आणि खाली लिहिलं : चाकं चार, ब्रेक दोन.